आयर्लंडच्या रस्त्यावर: काय पाहायचे, काय सोडायचे?

नकाशावर आयर्लंड पाहिले की वाटते, एवढेसे तर बेट! उत्तर आणि दक्षिण मिळून क्षेत्रफळ सुमारे ८४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्शापेक्षा जरासे जास्त. त्यात गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजी सगळीकडे समजते. मग मोटार भाड्याने घ्यावी आणि आठ-नऊ दिवसांत अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घालून यावे, असा बेत सहज मनात येतो.

पण आयर्लंडची खरी परीक्षा यादी करताना नसते, ती यादीवर काट मारताना असते. आणि सोबत कुटुंब असले म्हणजे प्रत्येक काटेसरशी कुणाचे तरी तोंड उतरते.

आम्ही पाच जण होतो. माझे यजमान, मी, ७४ वर्षांचे सासरे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ११ वर्षांचा मुलगा. हातात नऊ दिवस. गाडी चालवणारे एकटे यजमान. त्यामुळे त्यांनी आधीच अट घातली, दिवसाकाठी तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवणार नाही. ही एकच अट आमच्या साऱ्या बेताचा कणा ठरली.

अंतर थोडे, वेळ फार

डब्लिनहून कॉर्क, गॉलवे, बेलफास्ट या मोठ्या शहरांकडे जाणारे रस्ते उत्तम आहेत. मोटरवेवर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. डब्लिन ते गॉलवे, म्हणजे पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत, सुमारे २१० किलोमीटर. अडीच तासांत माणूस पोहोचतो.

मात्र पाहण्याजोगे जे आहे, ते बहुतेक पश्चिमेच्या टोकाला, आणि तिथला रस्ता वेगळा. दोन्ही बाजूंना दगडी बांध किंवा झुडपांची दाट कुंपणे, मधून एकच गाडी नीट जाईल एवढी वाट, वळणावर समोरून ट्रॅक्टर नाहीतर मेंढ्यांचा कळप. ग्रामीण भागातील स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० किलोमीटर केली आहे, आणि कित्येक ठिकाणी तेवढाही वेग गाठता येत नाही. नकाशा दोन तास म्हणत असेल तर तीन धरावेत. वाटेत थांबावेसे वाटेल अशी जागा दर मैलावर आहे, तो वेळ निराळाच.

पश्चिम किनाऱ्याने जाणारा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा पर्यटन मार्ग २०१४ मध्ये आखण्यात आला. त्याची लांबी सुमारे २,५०० किलोमीटर. आठवड्याभरात तो पुरा करणारे लोक समुद्र कमी आणि पुढच्या गाडीची मागची बाजू जास्त पाहतात!

प्रत्येकाची एक मागणी

म्हणून आम्ही घरी एक युक्ती केली. पर्यटन पुस्तकातील ‘पाहायलाच हवीत अशी २५ ठिकाणे’ बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला एकच ठिकाण मागायला सांगितले.

मुलाने मागितला उत्तरेचा जायंट्स कॉजवे. समुद्रात उतरत जाणारे सुमारे ४० हजार दगडी खांब त्याने चित्रात पाहिले होते. मुलीला हवे होते स्केलिग मायकल. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांत दिसलेले, समुद्रातून सुळक्यासारखे वर आलेले, प्राचीन मठाचे बेट. माझे माहेर अमरावतीचे. अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात जन्मलेल्या पुरोहित स्वामींनी कवी येट्स यांच्यासोबत दहा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून मला येट्सची समाधी असलेले स्लायगोजवळचे ड्रमक्लिफ पाहायचे होते. यजमान म्हणाले, ‘मला मोहरचे कडे दाखवा, पुरे.’

सासऱ्यांनी मागितले ते नाव आमच्यापैकी कुणी ऐकलेसुद्धा नव्हते. अहाकिस्टा.

पाच ठिकाणे नकाशावर मांडली तर एक उत्तरेच्या टोकाला, एक वायव्येला, एक पश्चिमेला आणि दोन नैर्ऋत्येला. यजमानांच्या अटीत पाचही बसणे अशक्य होते. उत्तर की दक्षिण, हा निर्णय करणे भाग पडले. तो कसा झाला, ते ओघाने सांगते.

डब्लिनमध्ये मोटार नको

पहिले दोन दिवस डब्लिनचे. शहरात मोटार घेऊ नका. गाडी ठेवण्याचा खर्च मोठा आणि मध्यवर्ती भाग पायी, ट्रामने वा बसने सहज फिरता येतो. विमानप्रवासाने शिणलेल्या माणसाने अनोळखी शहरात लगेच गाडी हाती न घेतलेली बरी. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेतली की दोन दिवसांचे भाडेही वाचते.

डब्लिनमध्ये आम्ही दोनच गोष्टी निवांत पाहायचे ठरवले. पहिली ट्रिनिटी कॉलेजमधील ‘बुक ऑफ केल्स’, सुमारे इ. स. ८०० मधली, चर्मपत्रावर लिहिलेली व रंगवलेली ख्रिस्ती शुभवर्तमानांची पोथी. दुसरी किलमेनम तुरुंग. १७९६ ते १९२४ या काळात वापरात असलेल्या या तुरुंगात १९१६ च्या ईस्टर उठावाच्या १४ नेत्यांना गोळ्या घालण्यात आल्या. अंदमान वा येरवड्याच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना इथे फार समजावून सांगावे लागत नाही. आपले माजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्याच काळात डब्लिनमध्ये कायदा शिकत होते. दोन्ही ठिकाणांची तिकिटे आधी काढून ठेवावीत. आयत्या वेळी किलमेनमची मिळणे कठीण.

सायंकाळी सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेत रवींद्रनाथांचा अर्धपुतळा पाहायला विसरू नका. आणि कुणा आयरिश माणसाने ‘कुठून आलात?’ विचारले तर मालवण तालुक्यातील वराड गावाचे नाव अवश्य सांगा. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान असलेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचे ते गाव.

अहाकिस्टाचा वळसा

तिसऱ्या दिवशी मोटरवेने कॉर्ककडे निघालो. वाटेत थांबा एकच, कॅशेलचा खडक. हिरव्या माळावर चुनखडीचा उंचवटा आणि त्यावर मन्स्टरच्या राजांचे जुने ठाणे, जे ११०१ मध्ये चर्चला दान दिले गेले. ११३४ चे कॉर्मॅकचे प्रार्थनामंदिर आणि गोल मनोरा अजून उभे आहेत. रस्त्यापासून अगदी जवळ असल्याने हा थांबा कुठल्याही बेतात बसतो. किलकेनीचा किल्लाही वाटेपासून फार दूर नाही, पण एका दिवशी दोन किल्ले पाहिले की रात्री दोन्हींची सरमिसळ होते.

कॉर्कहून किलार्नी सरळ रस्त्याने जेमतेम ९० किलोमीटर. अहाकिस्टावरून जायचे तर अंतर दुपटीहून अधिक. पर्यटन पुस्तकांत त्याला फार तर दोन ओळी मिळतात. डन्मॅनस उपसागराच्या काठचे ते एक चिमुकले खेडे.

२३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीकडे येणारे एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान याच किनाऱ्यापासून दूर अटलांटिकवर बॉम्बस्फोटाने कोसळले. ३२९ माणसे गेली. बहुतेक कॅनडाचे नागरिक, पण त्यांतल्या कितीतरी जणांची मुळे भारतात. सुट्टीत आजी-आजोबांना भेटायला निघालेली मुले त्यांत होती. आयरिश नौदलाने आणि इतर नौकांनी समुद्रातून १३१ मृतदेह काढून कॉर्कच्या इस्पितळात आणले. इतर कधीच हाती लागले नाहीत.

सासरे तेव्हा ३४ वर्षांचे होते, मुंबईत नोकरीला. रेडिओवर बातमी ऐकल्याचे त्यांना लख्ख आठवत होते. त्यांचे कुणी नातलग त्या विमानात नव्हते. ‘मग एवढा वळसा कशासाठी?’ असे मुलाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘आपली माणसं आहेत रे तिथं. इतक्या लांब जाऊन न भेटता यायचं का?’ त्यावर कुणी काही बोलले नाही. बेत दक्षिणेचा झाला तो त्या वाक्यावर.

समुद्राकाठी लहानशी बाग आहे. मधोमध दगडाची सूर्यघटिका, भिंतीवर ३२९ नावे. एकाच आडनावाची नावे एकाखाली एक येतात तेव्हा वाचणारा थांबतो. दरवर्षी २३ जूनला इथे नातेवाईक आणि गावकरी एकत्र जमतात. ज्यांचा त्या माणसांशी काही संबंध नव्हता, अशा एका खेड्याने ती आठवण चार दशके सांभाळली आहे. आम्ही अर्धा-पाऊण तास होतो. मुलाने आजोबांना नावे वाचून दाखवली, कारण त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता.

पुढे बँट्री, ग्लेनगॅरिफ, केनमेअर असा डोंगर-समुद्राचा रस्ता धरून संध्याकाळी किलार्नीला पोहोचलो. तो रस्ताही काही कमी देखणा नाही. म्हणजे वळसा घातला तरी दिवस फुकट जात नाही.

केरी: सगळी टोके नकोत

किलार्नीत तीन रात्री मुक्काम ठेवला. रोज बॅगा भरणे आणि रोज नवे घर शोधणे यात वडीलधाऱ्यांचे हाल होतात. त्यापेक्षा एक तळ ठोकून तिथून फिरावे.

समुद्रात शिरलेल्या केरीच्या टोकांपैकी सर्वांत प्रसिद्ध ‘रिंग ऑफ केरी’, सुमारे १८० किलोमीटरचा फेरा. मोठ्या सहल-बसगाड्यांची तिथे रांग असते आणि पुरा दिवस गाडीत जातो. आम्ही त्यावर काट मारून डिंगलचे द्वीपकल्प निवडले. डिंगल गावापासून स्ली हेडचा फेरा ५० किलोमीटरांच्या आतला. म्हणजे तास गाडीत कमी, समुद्राकाठी जास्त. या भागात आयरिश भाषा अजून घरात बोलली जाते आणि रस्त्यावरच्या पाट्याही आयरिशमध्येच असतात. गावांची आयरिश नावे आधी लिहून ठेवावीत.

मुलीच्या स्केलिगचा प्रश्नही इथेच सुटला. स्केलिगवर दिवसाला फक्त १८० प्रवासी उतरू दिले जातात, तेही साधारण मे ते सप्टेंबर. समुद्र खवळलेला असला की होडी रद्द, आणि वर चढायला कठडा नसलेल्या सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या. मुलगी एकटी जाऊ शकली असती, पण त्यासाठी दोन दिवस राखून ठेवावे लागले असते. तिने स्वतःच शोध घेतला तेव्हा कळले की २०१७ च्या चित्रपटासाठी स्केलिगच्या मठाची प्रतिकृती डिंगलच्या टोकावरच उभारली होती. स्केलिगवर आहेत तशाच, चुना-माती न वापरता रचलेल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्या स्ली हेडच्या रस्त्यालगत पाहायला मिळतात. उलट्या ठेवलेल्या होडीच्या आकाराचे गॅलरसचे प्रार्थनामंदिरही तिथेच. आकाश स्वच्छ असेल तर दूर समुद्रात स्केलिगचे दोन सुळके दिसतात. तिला दिसले. ‘पुढच्या वेळी एकटी येईन,’ असे तिने तिथेच जाहीर केले.

दुसरा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला होता. किलार्नीचे राष्ट्रीय उद्यान, तळी, मकरॉस हाउसची बाग. पाऊस आला की बसायचे, थांबला की चालायचे. आयर्लंडच्या पश्चिमेला असा एक दिवस राखीव हवाच, कारण धुक्याने एखादा बेत बिघडला तर तो दिवस उपयोगी पडतो.

शॅनन ओलांडून मोहरकडे

किलार्नीहून मोहरच्या कड्यांकडे जाताना लिमरिकचा वळसा घालू नका. टारबर्ट ते किलिमर अशी मोटारी नेणारी फेरीबोट शॅनन नदीच्या मुखावरून सुमारे वीस मिनिटांत पलीकडे नेते. गाडीसकट बोटीत बसायला मिळते म्हणून मुलेही खूश.

मोहरचे कडे सर्वांत उंच जागी २१४ मीटर. आपल्या कुतुबमिनारच्या जवळजवळ तिप्पट! सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा गेल्यास गर्दी टळते. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्याचा फायदा घ्यावा. आम्ही सातनंतर गेलो. यजमान कठड्यापाशी बराच वेळ उभे होते; आठवडाभर रस्त्यावर खिळलेले त्यांचे डोळे प्रथमच दूरवर लागले होते.

दुसऱ्या दिवशी बरेन. मैलोगणती उघडा, भेगाळलेला चुनखडीचा दगड आणि त्या भेगांतून उगवलेली इवलीशी फुले. पोलनब्रोनचे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे दगडी थडगे रस्त्यालगतच आहे. गॉलवेत जेवण करून पूर्वेचा मोटरवे धरला.

जे सोडले

गॉलवेच्या पुढे कॉनेमारा आहे. क्रिकेटप्रेमींनी तिथल्या बॅलिनाहिंच किल्ल्याचे नाव ऐकले असेल; नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांनी १९२४ मध्ये तो विकत घेतला होता. आता तिथे हॉटेल आहे. कॉनेमाराला किमान एक दिवस हवा, तो आमच्याकडे नव्हता. त्याच्याही वर माझे स्लायगो. गॉलवेहून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. ‘तू म्हणशील तर जाऊ,’ यजमान म्हणाले. पण त्या दिवशी आधीच तीन तासांचा रस्ता बाकी होता आणि अट सगळ्यांना सारखीच. येट्सची समाधी राहिली. मला त्याची चुटपुट आहे, आणि ती असू द्यावी असे वाटते.

सर्वांत अवघड गेली ती मुलाच्या कॉजवेवरची काट. त्याला समजावताना असे सांगितले की, लाव्हा थंड होताना तडे जाऊन तयार झालेले तसेच खांब आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलमध्येही आहेत. आम्ही राहतो गोरेगावला. त्यावर तो म्हणाला, ‘मग इतकी वर्षं आपण ते का नाही पाहिलं?’ या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. परतल्यावर पहिल्याच रविवारी त्याला घेऊन गेलो.

शेवटची सकाळ

त्याला भरपाई म्हणून शेवटचे ठिकाण निवडायचा हक्क दिला होता. त्याने न्यूग्रेंज निवडले, आणि ही निवड सोयीचीही निघाली. डब्लिनचा विमानतळ शहराच्या उत्तरेला आहे आणि न्यूग्रेंजही उत्तरेलाच. शेवटची रात्र ड्रॉहडाजवळ काढली, सकाळी न्यूग्रेंज पाहिले आणि शहरात न शिरता थेट विमानतळावर गेलो.

न्यूग्रेंजचे टेकडीएवढे थडगे इ. स. पूर्व ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुने. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्योदयाचा किरण दारावरच्या झरोक्यातून १९ मीटरच्या अरुंद वाटेने आत शिरतो आणि सुमारे १७ मिनिटे गाभारा उजळतो. तो सोहळा पाहणाऱ्यांची निवड सोडतीने होते. इतर दिवशी आतले दिवे मालवून कृत्रिम प्रकाशाने तो क्षण दाखवतात. तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही, माहिती केंद्रापासून त्यांच्याच बसने जावे लागते. वाट बुटकी आहे. सासरे वाकून, माझ्या मुलाचा खांदा धरून आत आले.

बेत आखताना

• व्हिसा: आयर्लंड शेंगेन गटात नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे ब्रिटनच्या अखत्यारीत येतात. सीमेवर नाका नसला तरी ब्रिटनचा व्हिसा लागतोच. भारतीयांसाठी २०१५ पासून ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. आपल्या व्हिसावर तशी नोंद आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे. ज्या देशाने व्हिसा दिला, त्या देशात प्रथम उतरावे लागते.

• परवाना: पर्यटकाला भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते, तरी अनेक भाडे-कंपन्या आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात. तो आपल्या आर. टी. ओ.तून काढून न्यावा. चालकाच्या वयाची कमाल मर्यादा, विम्याची अट आणि उत्तरेत गाडी नेण्याची मुभा आधी विचारून घ्यावी.

• गाडी: गिअर आपोआप बदलणारी गाडी महाग पडते, पण अरुंद रस्त्यावर मोठा आधार. शक्य तितकी लहान गाडी घ्यावी आणि सामान त्या बेताने.

• टोल: डब्लिनभोवतीच्या एम-५० रस्त्यावर टोलनाका नाही, कॅमेरे आहेत. पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत भरायचे असतात. ते भाड्यात धरले आहेत का, हे कंपनीला विचारावे.

• जेवण: शाकाहारी मंडळींनी मुक्कामाच्या घरी आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. भाज्यांचे सूप, सोडा ब्रेड, बटाटा व चीज जवळपास सर्वत्र मिळते. पबमध्ये जेवण व संगीत दोन्ही असते, मात्र १५ वर्षांखालील मुलांना पालकांबरोबरही रात्री नऊपर्यंतच, मे ते सप्टेंबरमध्ये दहापर्यंत, बसता येते.

• सवलत: किलमेनम, कॅशेल, न्यूग्रेंज अशा सरकारी वास्तूंत ६० वर्षांवरील व्यक्तींना तिकिटात सवलत असते. वयाचा दाखला म्हणून पासपोर्ट पुरतो.

आणि सर्वांत आधी, घरातल्या प्रत्येकाला एकेक ठिकाण मागायला सांगा. सगळ्यांच्या मागण्या पुऱ्या होणार नाहीत. पण कुणाला काय पाहायचे आहे आणि का, हे घरबसल्या कळते. सासऱ्यांनी अहाकिस्टा मागितले नसते, तर आम्ही त्या दिवशी सरळ रस्त्याने दीड तासात किलार्नीला पोहोचलो असतो.